पाचशे पीठ, दहा मीठ

गावाचं नाव सूर.
बायको ऐकून हसली होती:
तुम्हाला तर आरतीतसुद्धा लागत नाही.

इथं मी समुद्रातलं मीठ काढतो.
म्हणजे यंत्रं काढतात, मी त्यांच्यावर नजर ठेवतो
रात्रपाळीला, पंपांच्या घरघरीत,
आणि सकाळी घरी येऊन
पाचशे ग्रॅम पिठात मोजून दहा ग्रॅम
परत घालतो.
याचा पगार मिळत नाही.

दोनातो गेला त्याला दीड वर्ष झालं.
आल्तामुराचा माणूस. कंत्राट संपलं तेव्हा
टीव्ही विकला, सायकल वॉचमनला दिली,
आणि माझ्या हातात लोणच्याची बरणी.
तळाशी राखाडी, बुडबुडणारं काहीतरी.
आई आहे, म्हणाला. हिला रोज जेवायला घाल.
मी म्हटलं, विरजण.
तो म्हणाला, आई.
वाद घालायला वेळ नव्हता, खाली टॅक्सी उभी होती.

पहिल्या चार पावांना शेर जमाननं दगड म्हटलं.
पाचव्याला वीट. त्याच्या मते ही प्रगती.
तो शंभर बैशांत गरम खुब्ज आणतो
आणि बघत राहतो,
हा चाळिशी उलटलेला माणूस सुट्टीच्या दिवशी
कणकेला चादरीसारख्या घड्या का घालतो.

दोष उन्हाळ्याचा. जूनमध्ये इथं
थंड नळालाही चहाजोगं पाणी येतं;
पीठ दोन तासांत फुगून, आंबून
भांड्याच्या काठावर येऊन बसतं,
वेळेआधी गाडी पोचलेल्या पाहुण्यासारखं.
मग बर्फाचं पाणी. मग रात्रभर फ्रीजमध्ये,
कुंजुमोनच्या मासळीशेजारी.

आणि कवच? कवचाला वाफ लागते.
हे कळायला मला आठ महिने लागले. मला,
दीपनगरच्या बॉयलरवर अकरा वर्षं काढलेल्याला!
तापल्या ट्रेमध्ये बर्फाचे खडे टाकायचे,
दार पटकन लावायचं, दहा मिनिटं उघडायचं नाही.
वाफेत पाव मऊ राहतो, हवा तेवढा वाढतो,
वाफ सोडली की मग कडक होत जातो.
माणसांचंही…
नको. पावाचंच बोलू.

फेब्रुवारीत समुद्र लाल झाला.
शेवाळ येऊन जाळ्यांना चिकटलं, प्लांट बंद,
रस्त्यावर टँकरची रांग.
एकतीस तास आम्ही फिल्टर धूत होतो,
टाकीत गावापुरतं एका दिवसाचं पाणी.
घरी आलो तर बरणी उपाशी.
झोप येईना म्हणून मळत बसलो.
मीठ विसरलो.

कापला तेव्हा कळलं.
रंग जरा फिका, पण कवच खणखणीत,
आत हवी तशी वेडीवाकडी भोकं,
आणि चव आमच्या पाण्याची.
दोनातोला फोटो पाठवला. त्याचं उत्तर:
तोस्कानात असाच करतात, मुद्दाम.
तुझं चुकलं नाही, तू फक्त जिल्हा बदललास.

अर्धा पाव शेजारी खमीस बिन राशिदना दिला.
सगळी उमर गलबतं बांधण्यात गेली; बोटं अजून
लाकूड चाचपावं तशी कवचावर फिरली.
सुकटीबरोबर खाल्ला. मग म्हणाले,
माझ्या लहानपणी विहिरी खाऱ्या होत्या.
पिठात मीठ कुणीच घालत नसे.
पाणीच घालायचं.

मी परत आलो, उरलेल्या अर्ध्याकडे बघत बसलो.

काल पुन्हा भाजला. पाचशे, दहा, दोनदा तपासून.
जाळीवर ठेवला, तेवढ्यात भुसावळहून फोन.
काय तडतडतंय? फोडणी टाकलीत का?
नाही गं, पाव गार होतोय.
गार होताना आवाज?
हो. ओव्हनमध्ये गप्प होता.
मग धरा की जवळ, म्हणाली.

मी फोन जाळीशी धरला.
तिकडे तिची भाजी करपेपर्यंत.