पाच लिटरची खेप

डोरीनबाईंनी सप्टेंबरात कुंपणावरून बादली दिली.
"या वर्षी माझ्याच्यानं जॅम होत नाही," म्हणाल्या,
"हात ऐकत नाहीत."
बादलीत डॅमसन.
जांभळाशी लांबचं नातं सांगणारी फळं,
वरून राखेचा हात फिरवल्यासारखी,
चावलं की जीभ टाळ्याला चिकटते
आणि सकाळी सकाळी कुणाशी तरी भांडल्यासारखं वाटतं.

जॅम मला येत नाही.
मी केंडलच्या पाणी-प्रयोगशाळेत असते,
दिवसभर बाटल्यांना नंबर देते.
म्हणून काचेची बरणी आणली, पाच लिटरची,
माल्टचं सत्त्व, मूठभर हॉप्स, यीस्टची पुडी.
फळं तोवर फ्रीजरमध्ये, मटारांच्या शेजारी,
गोठली की सालं आपली आपण फाटतात.
आठव्या दिवशी ती आत ढकलली एकेक,
बरणीच्या गळ्यातून, बोटानं.

बरणी जिन्याखाली.
हेरंबचा जुना स्वेटर तिला घातला,
बाह्या मागे बांधल्या.
तो बघत राहिला. म्हणाला,
"मला कधी इतक्या मायेनं घातला नव्हतास."

रात्री ती बोलायची.
बुडुक.
मग बराच वेळ काही नाही.
बुडुक.
सांगलीहून आईचा फोन, "तो कसला आवाज गं?"
"नळ गळतोय."
"केव्हापासून?"
"मंगळवारपासून."
आई जरा थांबली.
"कुठंतरी पाणी मुरतंय," म्हणाली,
आणि भिशीचं सांगू लागली.

पीठ आंबतं,
आणि आठ तास उभं राहून अंगही आंबतं.
जिन्याखाली बसून मी विचार करायचे,
यीस्टला यातलं कुठलं लागू.
उत्तर आलं नाही. पाय मात्र दुखायचे.

दिवाळीला लीड्सहून माणसं यायची होती.
हायड्रोमीटर सांगत होता, एक हजार अठरा.
दहापर्यंत उतरायला हवं होतं.
पाण्याचा नमुना असता तर मी सही केली नसती.
नऊ बाटल्या भरल्या,
टोपणं ठोकली,
गाळणं धुऊन वाळत घातलं.

धनत्रयोदशीच्या पहाटे तीनला पहिली फुटली.
हेरंब झोपेत म्हणाला, "आत्ताच फटाके?"
मी पायरीवर बसून मोजत राहिले.
सात.
भिंत जांभळी, व्हॅक्यूम क्लीनर जांभळा,
पाहुण्यांसाठी काढलेल्या चपलांत काचा.
उरलेल्या दोन
ओव्हनचे हातमोजे घालून अंगणात नेल्या,
नवजात बाळं न्यावीत तशा.
एक उघडताच सगळी आकाशात गेली.
दुसरीतली अर्धी वाचली.

नोव्हेंबरात डोरीनबाईंना मुलीनं अल्व्हरस्टनला नेलं,
समुद्राजवळच्या एका निवाऱ्यात.
ती अर्धी बाटली घेऊन गेले.
नर्स म्हणाली, दोन चमचे, फार तर.
बाईंनी पहिला चमचा तोंडात धरून ठेवला,
बाहेर ओहोटी लागली होती,
मैलभर नुसती ओली वाळू.
मग गिळून म्हणाल्या,
"घाई केलीस."
आणि दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

त्यांच्या घरात आता कॅलम राहतो.
झाडाखाली पांढरी गाडी लावतो
आणि झाडाला शिव्या देतो.
"तोडायचं म्हणतोय," तो म्हणाला, "सगळं टपावर पडतं."
मी म्हटलं, पडलेलं मी उचलते. गाडीही धुऊन देते.
"बघू," म्हणाला.
या सप्टेंबरात बादली मीच नेली, रिकामी.
गाडी दोनदा धुतली.

आता एक हजार बारावर आहे.
उतरतेय, तिच्या चालीनं.
दिवाळी परवाच होऊन गेली,
पाहुण्यांना सरबत दिलं.

काल आईला म्हटलं, "नळ दुरुस्त केला हं."
"बरं झालं," आई म्हणाली.
बुडुक.
दोघी गप्प.
"किती दिवस लागतील अजून?" तिनं विचारलं.