दर दोन तासांनी

उणे सव्वीस.
तुझी धार बर्फात पडते, वाफ येते,
वाटीएवढा पिवळा खड्डा होतो,
आणि मी, अडुसष्ट वर्षांची बाई,
नाइटगाउनवर टपालखात्याचा जुना कोट चढवून
रात्री तीन वाजता टाळ्या वाजवते.
हातमोज्यांतल्या टाळ्या. आवाज येत नाही.
तरी तुला कळतं.
आधी शेपटी हलते, मग तिच्यामागून सगळा तू.

दुकानातली आर्या म्हणाली होती, सोपं असतं.
उठला की बाहेर, जेवला की बाहेर,
खेळून दमला की बाहेर.
ती दक्षिणेतली आहे. तिला काय ठाऊक,
किट्टिलात जानेवारीत 'बाहेर' म्हणजे
पायमोज्यांवर पायमोजे, विजार, कोट, टोपी, बूट,
आणि डावा बूट घालायला घ्यावा तर
तू त्यातच उरकलेलं असतंस.

तुइस्कू तुझं नाव. वादळी भुरभुर.
रेडिओची वायर खाल्लीस.
सौनातल्या पळीचा दांडा खाल्लास.
चघळायला रेनडिअरचं शिंग आणून दिलं,
तर शिंग ठेवलंस बाजूला
आणि शिंगाची टोपली खाल्लीस.
आरामखुर्चीचा मागचा पाय इतका कुरतडलास
की ती आता खिडकीकडे कलते,
तिच्यात बसून मीही.

शेजारचा ओईवा म्हणतो, नाक घास त्यात.
एकदाच. चांगलं दाबून.
माझे सगळे असेच शिकले.
शिकलेत खरे.
तो घरात शिरला की दोघेही
ओल्या पोतेऱ्यासारखे जमिनीला चिकटतात.

गुरुवारी तू आईने विणलेल्या सतरंजीवर केलंस.
लाल पट्ट्यावर, मधोमध.
धरलं मी तुझं मानगूट.
ओढत आणलं. तुझे चारही पाय मागे रेटलेले,
नाक डागापासून चार बोटं.
मग वास आला.

सातव्या वर्षाचा वास.
शाळा घरापासून ऐंशी किलोमीटर, म्हणून वसतिगृह.
सोळा लोखंडी खाटा, एक दिवा.
माझी चादर सायमा बाई
झेंड्याच्या खांबाशेजारी वाळत घालायच्या,
जेवणघराच्या खिडक्यांसमोर.
ती वाळायची नाही, गोठायची.
संध्याकाळी मी ती काखेत धरून आणायची,
दाराची फळी आणावी तशी.
खिडकीतून पंधरा जणी बघायच्या.
हसायचं कुणी नाही.
उद्याची फळी कुणाची, कुणाला माहीत.

मी काय शिकले म्हणशील तर
झोपायचं नाही, एवढं शिकले.
तीन वाजता डोळे उघडे ठेवून
छताच्या गाठी मोजत पडायचं.
एकसष्ट वर्षं झाली. अजून पडते.
तुला बाहेर काढायला म्हणूनच
गजर लावावा लागत नाही मला.

मान सोडली.
तू खुर्चीखाली गेलास, कललेल्या.
मी सतरंजीवर व्हिनेगरचं पाणी ओतलं,
गुडघ्यांवर बसून चोळत राहिले.
लाल रंग थोडा उतरला.
ओईवाचं नाक घासणं राहिलं बाजूला,
मी सॉसेजचा तुकडा हातात घेऊन
तुझ्या नाकदुऱ्या काढत बसले.
सव्वा तास.
वर्दीतल्या बाईला हे शोभत नाही.

त्यानंतर चार रात्री कोरड्या. पाचवी नाही.
सहावीला तू स्वतःच दारापाशी गेलास
आणि मागे वळून
एकदाच, हलक्या आवाजात, हुफ् केलंस,
रजिस्टर पत्रावर सही हवी असल्यासारखं.

तर आता तीन वाजलेत,
आपण दोघंही जागे आहोत, काम झालंय,
शाबास, शाबास माझ्या राजा,
चल आत.

हातमोजा दे.
दे म्हणते ना.
तुइस्कू.

बरं. डावा तुझा.