एक जानेवारी

जन्मतारीख टाकल्याशिवाय पडदा पुढे सरकत नाही.
मासोझी काओंगा सांगते,
ज्या साली तळ्याचं पाणी चर्चच्या तिसऱ्या पायरीला लागलं
त्या साली,
मक्याला तुरे आले होते तेव्हा.
मी म्हणतो, तारीख?
ती माझ्याकडे बघते
शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोराकडे बघावं तशी.

मग मी एक जानेवारी टाकतो.
साल अंदाजानं, तिच्या मनगटांवरून,
पुढच्या बाईच्या वयात दोन-चार मिळवून.
आमच्या या लहानशा आरोग्य केंद्राच्या हद्दीत
चारशे अकरा माणसं एक जानेवारीला जन्मली
आणि त्या दिवशी आम्हाला सुट्टी असते.

मशीन लिलाँग्वेहून आलं
ट्रकमध्ये, कोंबड्यांच्या पिंजऱ्याला टेकून.
छपरावर सोलरच्या दोन पाट्या, खाली बॅटरी,
बॅटरीवर कुणीतरी रोज चहाचा कप ठेवतं.
शिकवायला आलेला मुलगा म्हणाला,
आता कुणी हरवणार नाही.
खोटं नव्हतं ते.
वह्या भिजायच्या, वाळवी लागायची,
एकदा बाजारात मंदासी घेतली
तर पुडीच्या कागदावर माझ्याच मावशीचं ब्लडप्रेशर,
सिस्टर म्हांगोंच्या तिरक्या अक्षरात.
तेलानं शेवटचा आकडा पुसला होता.
मावशी तोवर गेली होती.

मुलं?
नाही.
एकही?
नाही, म्हणाली ना.
मागच्या बाकावर तिची नणंद,
पायातली चप्पल हलवत, कान इकडे.

मशीन थांबतं. विचारतं: हीच का ती?
म्झुझूच्या दवाखान्यातली नोंद,
जुन्या वहीवरून नंतर चढवलेली.
तेच नाव, तेच गाव, तोच एक जानेवारी.
एकोणीस वर्षांपूर्वी. बाळंतपण.
मुलगा, दोन किलो नऊशे.
शेरा: आई एकटी घरी गेली.

तिला वाचता येतं हे मला ठाऊक नव्हतं.
डोळे एका ओळीवर टेकले,
भात शिजला का बघायला शीत दाबावं
तेवढाच वेळ.
मग म्हणाली, ही मी नाही.
मासोझी आमच्याकडे ढिगानं आहेत.

आहेतच.
मासोझी म्हणजे आमच्या बोलीत आसवं.
कुणी गेलेल्या घरात मुलगी झाली की ठेवतात.
नावावरून माणूस शोधायचं म्हटलं
तर अर्धा जिल्हा ओला निघेल.

पडद्यावर दोन चौकोन:
एकत्र करा. वेगळे ठेवा.
प्रशिक्षणात लिहून घेतलं होतं,
दुहेरी नोंद म्हणजे कचरा, दिसली की झाडा.
बोट वर उचललेलं
आणि तेवढ्यात तळाची ओळ दिसली, लाल:
पेनिसिलीनने अंगभर गांधी, श्वास कोंडला.

ती पायाच्या जखमेसाठी आली होती.
जखम चिघळली होती.
आत सिरिंज उकळत नाहीत आता, पाकिटातून येतात,
पण औषध तेच, कपाटातलं, पहिल्या फळीवरचं.

वेगळे ठेवा.
मी दाबलं.
मग तिच्या कोऱ्या पानावर, उजव्या कोपऱ्यात टंकलं:
पेनिसिलीन देऊ नये.
मशीननं विचारलं, माहिती कुणी दिली?
मी लिहिलं: रुग्णानं.

नणंद उठून जवळ आली, काय झालं एवढा वेळ?
मी म्हटलं, नेटवर्क.
या शब्दाला सगळे मान डोलावतात.

छापलेली चिठ्ठी हातात घेऊन
मासोझी दारापर्यंत गेली, परत वळली.
मला कुठला दिवस दिलास?
एक जानेवारी, मी म्हणालो.
तुम्ही चारशे बाराव्या.

तिनं चिठ्ठीची घडी केली, आणखी एक केली,
चितेंजेच्या गाठीत खोचली.
बरा आहे, म्हणाली.
एवढ्या गर्दीत
कोण कुणाला शोधतंय.