खांब क्रमांक सतरा

हळदोण्याच्या उतारावर, शेताकडे वाट फुटते तिथे
मीच चढवला हा दिवा, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात.
पंचायतीचा ठराव, खात्याची शिडी,
आणि उजेड असा पांढरा
की हातातून निसटलेला स्क्रू
वरूनच दिसला, गवतात पडलेला.

दिवाळी झाली. एर्मेलिंद बाय
चहाचा कप घेऊन फाटकात उभी:
"दिवो बंद कर रे पुता,
झाडाक न्हीद येना."

मी हसलो.
पंचवीस वर्षं वायरी ओढतोय,
काळोखाची तक्रार रोज येते.
उजेड जास्त झाला, असं लिहायला
आमच्या नोंदवहीत रकानाच नाही.

तिने मनगट धरून नेलं कुंपणापाशी.
क्रोटनचं सोड, म्हणाली,
ते बारा महिने शिमग्यातून उठून आल्यासारखं.
ही लालपत्ती बघ.
माणसाएवढं झुडूप,
घराकडची बाजू शेंड्यांशी लाल होत आलेली,
रस्त्याकडची हिरवी,
आषाढातली हिरवी, ढिम्म.
मधोमध गवंड्याने सूत धरावं तशी रेघ.

तिचं म्हणणं असं, की
कापणी उरकून शेतात नुसते खुंट राहिले
म्हणजे रात्र थोडी थोडी लांबत जाते.
आपल्याला कळत नाही. झाड मोजतं.
चौदा तास सलग काळोख मिळाला पाहिजे,
असे कितीतरी दिवस, तेव्हा कुठे वरची पानं पेटतात.
मध्येच कुणी दिवा लावला
की मोजणी चुकली, पुन्हा एकपासून.
"फूल न्हय तें. पानांच तीं."
फूल ते मधलं, पिवळं, मोहरीएवढं;
त्याच्याकडे कोण बघतो.

मी म्हटलं, बाय, केरकरांची धाकटी
म्हापशाहून ड्युटी करून येते, दहाची बस
वरच सोडते तिला. या वाटेवर
गेल्या पावसात दोन घोणस मारले.
तिला ठाऊक होतं.
गुडघ्याची इंजेक्शनं तीच पोर देऊन जाते.
बाय गप्प झाली, माझा कप
अर्धा भरलेला असतानाच परत घेतला.

तेलाचा डबा कापून मी एक आडोसा केला,
रस्त्याला तोंड, कुंपणाला पाठ.
शनिवारी शिडी घेऊन आलो,
सहा वाजायचे होते.

कुंपणात कुणीतरी उभं.
काळा झगा, गळ्यापर्यंत बटणं,
बाह्या रिकाम्या, वाऱ्याने जरा हलणाऱ्या.

कायतान गेला तेव्हापासून
सात वर्षं अंगावर होता तो.
"एवढं दाट कापड
घरात दुसरं नाही," म्हणाली,
आणि शेवटचं बटण लावायला
स्टुलावर चढली, दुखऱ्या गुडघ्यानिशी.
मी स्टूल धरलं.

माझा डबा तिसऱ्या दिवशी वाऱ्याने पडला.
पुन्हा लावला नाही, का ते विचारू नका.
केरकरांची पोर पहिल्या रात्री किंचाळली म्हणे;
मग येता-जाता झग्याला
"बरी रात" म्हणू लागली.

नाताळ आला. घराघरावर नक्षत्रं टांगली,
दोदोल वाटून झाला.
रस्त्याकडची बाजू तेव्हा
नुसती तांब्याच्या तारेसारखी,
लाल म्हणवत नव्हती.
बायने पाहुण्यांना मागच्या दारानेच आत घेतलं.

तीन राजांचं फेस्त होऊन गेलं,
नक्षत्रं उतरवून माळ्यावर गेली.
वरच्या वाड्यावर फ्यूज गेला होता, म्हणून आलो.
बघतो तर रस्त्याकडची बाजू लाल,
अशी लाल की सायकल आपोआप थांबली.
घराकडची तोवर गळायला लागलेली,
खाली पानांचा सडा, कडा काळवंडलेल्या.
दोन्ही बाजू मिळून एकदम
एक दिवसही नाही.

बाय घरात नव्हती, पिठाच्या गिरणीवर गेलेली.
झगा दोरीवर, पाणी निथळत.
खांद्यांवर, जिथे रोज रात्री दिवा पडायचा,
काळा रंग विटून
तांबूस झाला होता.