नमुना एकेचाळीस

काझालनं बाटली दिली ती रुमालात गुंडाळून,
शेजारणीची उसनी साखर परत करावी तशी.
वीस मिलिलिटर. अजून कोमट.
"एवढंच निघालं. रात्री तो फार ओढतो."
मी लिहिलं : आई तेवीस वर्षांची,
बाळ अठरा दिवसांचं, नाव ठरायचंय.

केरमानशाहच्या या गल्लीत बाळंतिणीला काची देतात,
खरपूस भाजलेलं पीठ, केशर, गुलाबपाणी,
वर दालचिनीची बोटभर रेघ.
सासू फरंगीस मलाही वाढते.
कशात भाजलंत, मी विचारते.
ती फळीकडे बोट करते : पिवळा डबा,
बाहेर हसरं सूर्यफूल,
आत पांढरं, घट्ट,
भर उन्हाळ्यातही न विरघळणारं काहीतरी.
"आमच्या डोंगरात मेंढीचं तूप असायचं.
आता भाव विचारायलाही जीभ उचलत नाही."
काची चांगली झाली होती. मी दोनदा घेतली.

प्रयोगशाळेत दुधाला आई नसते, नंबर असतो.
यंत्र कागदावर डोंगर काढत जातं.
मेंदू घडवणाऱ्या चरबीची टेकडी बुटकी,
आणि जिथं जवळजवळ सपाट असायला हवं
तिथं एक सुळका.

शाळेत शिकवलं होतं, सरळ असावं.
पण तेलाची साखळी मुळातच वाकलेली,
मध्येच एक कोपर.
त्या कोपरामुळेच ती वाहते,
पेशीच्या भिंतीत श्वासापुरती जागा सोडते.
कारखान्यात तिला तापवतात, हायड्रोजन पाजतात,
आणि काही साखळ्या अर्ध्या वाटेत ताठ होतात,
छडीसारख्या.
टिकतात. खवट होत नाहीत. दुकानदार खूश.
बाईचं शरीर ती घडवत नाही,
नुसतं पोचवतं,
आधी नाळेतून, मग पान्ह्यातून,
पत्र न फोडता देणाऱ्या पोस्टमनसारखं.
आडात असेल तेच पोहऱ्यात येणार.
पोहऱ्याला कसला जाब विचारायचा?

मी युद्धातली.
भोंगा वाजला की आई मला छातीला लावून तळघरात उतरायची.
मी गप्प राहावं म्हणून पाजायची, भूक असो नसो.
तेल कूपनावर मिळायचं, डबा घरी आला की सण.
त्यातला एक अजून आमच्या खिडकीत आहे,
तळाला खिळ्यानं भोकं, आत लाल जिरेनियम.
मी काय काय प्यायले, कुणी मोजलं नाही.
त्यातली भीती किती टक्के,
ते सांगणारं यंत्र आजही आमच्याकडे नाही.

अहवालाखाली छापील ओळ : आहारात बदल सुचवावा.
पाकिटात घालून पाठवता आला असता.
पण मागच्या वर्षी तो वाचून एकीनं
बाळाला अंगावरून तोडलं,
पावडरीचा डबा आणला, आणि तिचं दूध आटलं.
म्हणून मी चालत गेले.
"दूध तोडू नकोस," म्हटलं, "तूप बदल.
सूर्यफूल चालेल, पण बाटलीतलं, वाहणारं.
अक्रोड असतील तर रोज चार."

काझाल ऐकत होती.
फरंगीस ऐकत नव्हती, ती फळीकडे बघत होती.
खूप वेळानं म्हणाली,
"म्हणजे माझ्या हातांनी?"

याचं उत्तर माझ्या प्रशिक्षणात नव्हतं.
मी म्हटलं, डब्यावर लिहिलेलं नव्हतं ना.
खरं म्हणजे मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, लिहिलेलं होतं.
तिला वाचता येत नव्हतं.

तिनं डबा उतरवला, फेकला नाही.
निम्मा भरलेला होता, निम्म्याचे पैसे दिलेले होते.
दाराच्या बिजागरीला बोटभर लावून पाहिलं.
दार करकरायचं थांबलं.
"घ्या," ती म्हणाली, "कामाला आलं."

बाळ जागं झालं तेव्हा त्याच्यावर काझाल वाकली,
मान, पाठ, खांदे, सगळी वाकली.
मी बूट चढवले.
पुढच्या घरातून बेचाळीस नंबरची बाटली
अजून आणायची होती.