कोल्हा कोण पांघरणार

पहिला डबा हरवलेला, म्हणून नाव कुणालाच ठाऊक नाही.
साखर पेठेतल्या समाजमंदिरात
चिलका मास्तर दर शनिवारी तेच रीळ लावायचे,
भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेलं.
भिंतीवर एक कोल्हा यायचा.
“नक्का,” नाना म्हणायचे घरच्या तेलुगूत,
आणि पुढचं सगळं मराठीत.

कुठल्या देशाचा, कळायचं नाही.
तो बोलायचा ती भाषा आमच्या गल्लीत कुणाची नव्हती.
बर्फ पडायचा. आमच्याकडे तसं हवेत
फक्त कारखान्यातली कापसाची धूळ उडते,
म्हणून मला वाटे, याच्याही गावात माग असणार,
आणि हा खोकत कसा नाही.

त्याची कड कधी स्थिर नसे.
नुसता उभा असला तरी अंगावरची रेघ वळवळे,
मे महिन्यात डांबरावरचं ऊन हलतं तशी.
आई म्हणे, डोळे दुखतात.
नाना मात्र पुढे सरकून बसत.
जन्मभर जकार्डचे नक्षे काढलेले,
ग्राफच्या कागदावर चौकट-चौकट मोर भरलेले.
“दर वेळी नव्यानं काढलाय गं.
एक पाऊल टाकायला बारा कोल्हे.
आणि इथे बघ, शेपटीपाशी,
चहा यायचा राहिला होता त्या माणसाचा.”

एका ठिकाणी आभाळात बोटाचा ठसा होता.
निमिषभर. मी पापणी न लववता
त्याचीच वाट पाहायचे.
गोष्ट मला फारशी आठवत नाही.

नदीपाशी कोल्हा थांबे
आणि रीळ तिथेच संपे. पांढरी भिंत, पंख्याची घरघर.
“झालं. चपला आपापल्या बघून घाला.”

त्या उन्हाळ्यात नानांनी मोर बाजूला ठेवून
चादरीच्या मधोमध तो उभा केला,
पुठ्ठ्यांना भोकं पाडली, रात्रपाळीत विणून घेतला.
शेठ हसले: “बोद्दूल, कोल्हा कोण पांघरणार?”
नग एकच निघाला. घरी राहिला.

लाल जमिनीवर पांढरा कोल्हा, तोंड नदीकडे.
नदी विणलेली नाही, मला माहीत आहे एवढंच.
सोलापुरात थंडी ती किती,
तरी डिसेंबरात दोन-चार रात्री मी ती काढते
आणि उलटी पांघरते:
तिथे जमीन पांढरी, कोल्हा लाल,
आणि तोंड आल्या वाटेकडे.