खोडरबर

उलियास्ताईत आज उणे अडतीस.
चिमणीवरचा धूर सरळ उभा आहे,
बाईंनी वर्गाबाहेर काढल्यासारखा.

हवामान केंद्रात दाशन्यामचा संगणक
एक तक्ता उघडायला बसला, की बसला.
मिठाच्या चहावर साय धरते,
साय सुरकुतते,
तक्ता अजून यायचाच असतो.
"थकलाय," दाशन्याम म्हणतो.
"बत्तीस वर्षांचं तापमान आहे त्याच्या पोटात."
मी म्हणते, पोट ठीक आहे.
पोटातलं काढून मांडायला
टेबल आहे त्याच्याकडे एवढंसं.

टेबल मोठं करायला आलेय मी, गेरेलमा,
शाळेत संगणक शिकवणारी,
उरल्या वेळात पेचकस घेऊन गावभर फिरणारी.
राजधानीच्या बाजारातून मागवलेल्या दोन पट्ट्या,
कुणीतरी वापरून विकलेल्या,
दीड दिवस ड्रायव्हरच्या खिशात बसून आल्या.

लोकरी अंगरखा दारातच काढला.
आमच्या हिवाळ्यात हवा इतकी कोरडी
की नवराबायकोचं बोट लागलं तरी ठिणगी.
माणूस हात झटकतो, विसरतो.
पट्टी मरते
आणि मेल्याचं सांगत नाही.
म्हणून आधी रेडिएटरला हात,
रंग उडालेल्या जागी, उघड्या लोखंडाला.

झाकण काढलं. आत धूळ,
मेंढी कातरल्यावर उरते तशी, राखाडी, गुंतलेली.
दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या मागे ओढल्या,
जुन्या पट्ट्या मुकाट उठल्या.
नव्या बसवल्या: खाचेत खाच,
दोन्ही अंगठ्यांचा भार,
टक्. टक्.
बटण.

तीन लांब शिट्ट्या.
पडदा काळा.

दाशन्यामनं नोंदवहीत लिहिलं:
दहा चाळीस. तीन लांब. वारा नाही.

अदलाबदल केली. तीन लांब.
एकच लावून पाहिली. तीन लांब.
घाम फुटायचं हे ठिकाण नव्हे, तरी फुटला.
मग पट्टी खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा दिसलं,
सोनेरी दातांवर काळपट थर.
"खोडरबर आहे?"

तो गप्प झाला.
केंद्राच्या वहीत खोडायचं नसतं,
हे गावातलं पोरही जाणतं.
चुकलं तर एक बारीक रेघ,
खालची चूक वाचता आली पाहिजे,
वर खरा आकडा, शेजारी सही.
खण पार शेवटपर्यंत ओढून
त्यानं तळातून काढलं ते,
नोकरीच्या पहिल्या दिवशी सरकारनं दिलेलं,
चारही कोपरे शाबूत,
वाळून दगड.
"मला वाटायचं, परीक्षा घेतायत माझी."

घासलं. हळू, एकाच दिशेनं.
पहिल्यांदा नुसतं करकरलं,
मग जणू कशासाठी जन्मलो ते कळून
मऊ पडलं.
काळा चुरा टेबलावर. फुंकर नाही मारायची, थुंकी उडते.
त्याच्या दाढीच्या ब्रशनं झटकलं.

टक्. टक्.
एक आखूड शिट्टी.

तक्ता उघडला तेव्हा चहा वाफाळत होता.
दाशन्याम खूश दिसेना.
तेवढ्या वेळात तो खिडकीपाशी जायचा,
ढगांची उंची अंदाजायचा,
समोरच्या उतारावरचे घोडे मोजायचा,
ज्यांची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते.
"मग मी उठू कधी?" त्यानं विचारलं.
याला माझ्याकडे सुटा भाग नव्हता.

जुन्या पट्ट्या त्यानं तळहातावर जोखल्या.
"यांत काय उरलंय?"
काही नाही. वीज गेली की यांना काही आठवत नाही.
"एकही हिवाळा नाही?"
एकही नाही.
तरी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्याच खणात,
एका कोपऱ्यानं झिजलेल्या खोडरबराशेजारी.

निघताना अंगरखा चढवला,
हात पुढे केला. ठिणगी उडाली, चांगली निळी.
आता उडाली तर उडू दे, मी म्हटलं.
त्यानं घड्याळाकडे पाहिलं.